उभा राहिलेला जुना जेसीबी पुन्हा सुरू करताना: चावी फिरवण्याआधी आणि फिरवल्यावर

दोन-तीन पावसाळे शेताच्या कडेला उभं राहिलेलं मशीन दुरून ठणठणीत दिसतं. विकणारा सांगतो, "काही नाही, नुसती बॅटरी टाका, हाफ सेल्फमध्ये चालू होईल." आपण बॅटरी टाकतो, चावी फिरवतो आणि काहीच होत नाही. मग गावातले चार जाणकार जमतात. कुणी म्हणतं सेल्फ गेला, कुणी म्हणतं पंप गेला, कुणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन सेल्फवर ठिणग्या पाडायला लागतो. संध्याकाळपर्यंत खिशातून पैसे गेलेले असतात आणि मशीन जागचं हललेलं नसतं.

आमच्या यार्डातला जुना बॅकहो लोडर (पुढे बकेट, मागे खोदायचा आर्म असलेला जेसीबी) असाच उभा राहून पुन्हा कामाला लागला. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. अशा मशीनमध्ये बिघाड शोधण्याचा क्रम चुकला, की साधी तक्रार महागात जाते. बॅटरी नवी मिळते, सेल्फ भरून मिळतो. पण जाम इंजिनाला ताकदीने फिरवून वाकवलेला कनेक्टिंग रॉड म्हणजे सगळं इंजिन खोलणं. म्हणून खालचा क्रम पाळा, कंटाळा आला तरी.

हा लेख जुन्या, साध्या डिझेल मशीनसाठी आहे: मेकॅनिकल डिझेल पंप, १२ व्होल्टचं वायरिंग, कॉम्प्युटर नाही. किर्लोस्करचं चार सिलिंडरचं इंजिन असलेले जुने जेसीबी यात बसतात. जुना ट्रॅक्टर, रोलर किंवा विहिरीच्या कामाचा कॉम्प्रेसर असेल तरी बहुतेक सगळं लागू पडतं. एप्रिल २०२१ पासून चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना सीईव्ही स्टेज ४ हे उत्सर्जन नियम लागू झाले. त्या पिढीच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांना स्कॅनर लागतो, त्यांच्यावर हे प्रयोग करू नका.

आणखी एक. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड तापतं तशी सिलिंडरमधली हवा दाबाने तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. म्हणून "इग्निशनचा प्रॉब्लेम आहे" असं कुणी म्हणालं, तर पहिला प्रश्न हा विचारा: इंजिन फिरतच नाही, की फिरतंय पण पेटत नाही? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली विजेची असते किंवा इंजिन जाम झाल्याची, दुसरी बहुतेक वेळा डिझेलची. हे ठरवल्याशिवाय एकही पार्ट विकत आणू नका.

काय काय जवळ हवं

हत्यारं:
- रिंग पाना आणि सॉकेटचा सेट, क्रँक पुलीच्या बोल्टला बसेल असं मोठं सॉकेट, लांब हँडल
- मल्टीमीटर (साधा, स्वस्तातला चालतो) आणि १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प
- जाड जंपर केबल
- पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, खाण्याचा सोडा, व्हॅसलिन
- स्वच्छ कॅन, पारदर्शक बाटली, चिंध्या, टॉर्च
- हवेच्या पाइपाचं तोंड पूर्ण झाकेल असा जाड प्लायवूडचा तुकडा (तो कशाला, ते पुढे येईल)
- हातमोजे, चष्मा, अग्निशामक सिलिंडर. तो नसेल तर निदान वाळूची बादली.

सामान: इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, दोन्ही डिझेल फिल्टर, डिझेलच्या रबरी नळ्या, क्लिपा, तांब्याचे वॉशर, वीसेक लिटर ताजं डिझेल.

कागद: मशीनचं ऑपरेटर मॅन्युअल, जमल्यास वायरिंगचा नकाशा. इंजिनाच्या प्लेटवरचा नंबर आणि डिझेल पंपावरच्या प्लेटचा नंबर, दोन्हींचे फोटो काढून ठेवा. एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या वर्षी वेगळे पंप बसलेले असतात. दुकानात नुसतं "जेसीबीचा फिल्टर द्या" म्हटलं तर चुकीचा हाती पडण्याची शक्यता बरीच.

१. आधी मशीनभोवती फिरा

घाईने केबिनमध्ये चढू नका. पावसाळ्यानंतर मशीनखाली गवत माजलेलं असतं आणि घोणस, नाग यांना अशी जागा आवडते. काठीने गवत हलवा, सीटखाली, बॅटरीच्या पेटीत आणि बॉनेटखाली टॉर्चने बघा. गांधीलमाश्यांचं पोळं केबिनच्या छताला असतंच असं धरून चाला.

मग हे तपासा. पुढची बकेट आणि मागचा आर्म जमिनीला टेकलेले आहेत का? वर राहिले असतील तर त्यांच्याखाली कुणीही जायचं नाही, कारण इतक्या दिवसांत हायड्रॉलिकचं सील आणि होस यांचा भरवसा राहिलेला नसतो. हँडब्रेक ओढा, चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड लावा, पुढे-मागेचा लिव्हर आणि गिअर न्यूट्रलला ठेवा.

उंदरांनी काय उद्योग केलेत तेही बघा. एअर क्लीनरच्या डब्यात घरटं, डॅशबोर्डमागे कुरतडलेल्या वायरी, सायलेन्सरमध्ये धान्याची फोलपटं, सगळं सापडतं. कुरतडलेली वायर दिसली की तिथे नुसती टेप गुंडाळून पुढे जाऊ नका, फोटो काढा आणि त्या जागेची यादी करा. पुढे तीच यादी कामाला येते.

२. बॅटरी काढून घरी न्या

आधी मायनसचा लग (बॅटरीच्या खांबावरची केबलची पकड) काढायचा, मग प्लसचा. बसवताना उलट: आधी प्लस, शेवटी मायनस. म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

बॅटरी बरेच महिने उतरलेल्या अवस्थेत राहिली असेल तर आतल्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती पुन्हा पूर्ण उभी राहत नाही. झाकणं उघडून बघा. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतपतच डिस्टिल्ड वॉटर घाला. ॲसिड घालू नका, साधं पाणी तर नकोच. चार्जिंग सावकाश करा. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीला १० अँपिअरच्या आसपास. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, त्यामुळे खोली मोकळी हवी आणि जवळ बिडी-काडी नको.

चार्ज करून काही तास ठेवल्यावर मीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण तीन-चतुर्थांश, १२ म्हणजे जवळपास रिकामी. पण नुसत्या या आकड्यावर विसंबू नका. मेलेली बॅटरीसुद्धा मोकळी असताना १२.६ दाखवू शकते. बॅटरीवाल्याकडे लोड टेस्टर असतो, त्यावर लावून घ्या. लोडखाली ती साडेनऊच्या खाली गेली तर तिच्यावर वेळ घालवू नका.

दुसऱ्या गाडीवरून जंप देणार असाल तर ती गाडी १२ व्होल्टचीच आहे याची खात्री करा. मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात आणि तिथे २४ व्होल्ट मिळतात. तुमचे बल्ब, रिले आणि स्टॉप सोलेनॉइड (चावी बंद केली की डिझेल तोडणारा विजेचा भाग) एका क्षणात जातील.

३. इंजिन हाताने फिरवा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त अडून बसतो. नवे लोक नेमकी हीच वगळतात.

उभ्या मशीनच्या सायलेन्सरवर टोपी नसेल तर पावसाचं पाणी मॅनिफोल्डमधून उघड्या वॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही. अशा इंजिनाला सेल्फ मारला तर पिस्टन पाण्यावर आपटतो आणि रॉड वाकतो. पाणी नसलं तरी रिंगा लायनरला गंजून चिकटलेल्या असू शकतात.

म्हणून बॅटरी अजून बाहेरच असताना सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल काढा. काढण्याआधी आजूबाजूची माती हवेने किंवा ब्रशने साफ करा, नाहीतर ती सगळी सिलिंडरमध्ये पडेल. कोणता नोझल कुठला ते खूण करून ठेवा. प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल यांचं मिश्रण सोडा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी टॅपेट कव्हर काढा, क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावा आणि इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने, म्हणजे समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, सावकाश फिरवा. उलट्या दिशेला जोर दिला तर बोल्टच सैल होण्याचा धोका असतो.

पूर्ण दोन फेरे झाले पाहिजेत, तेव्हाच चारही स्ट्रोक पूर्ण होतात. फिरवताना एकाने टॅपेटकडे बघत राहायचं. प्रत्येक वॉल्व्ह खाली जाऊन वर येतोय का? एखादा खालीच अडकला असेल तर लगेच थांबा, पुढे रेटलं तर पुशरॉड वाकतो. नोझलच्या भोकातून पाणी उडालं तर ते सगळं निघेपर्यंत फिरवा, पुन्हा ऑइल सोडा, पुन्हा फिरवा. आणि भोकांवर वाकून बघत फिरवू नका, जे काही बाहेर येतं ते जोरात येतं.

इंजिन हललंच नाही तर? आणखी ऑइल-डिझेल सोडा, दिवसातून एकदा दोन्ही बाजूंना हलकेच रेटा द्या, आठवडाभर धीर धरा. गिअरमध्ये टाकून दुसऱ्या मशीनने ओढायचा सल्ला नक्की मिळेल. तो ऐकू नका. आठवड्यात सुटलं नाही तर हेड उघडायची वेळ आली आहे, आणि ते काम फिटरचं.

नोझल बाहेर आहेतच तर ते टेस्टिंगला देऊन टाका. तालुक्याच्या ठिकाणी डिझेल पंप-नोझलचं दुकान असतंच. बसवताना तांब्याचे वॉशर नवे घाला.

४. ऑइल, पाणी, हवा

डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा (टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) पडदा फाटून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरलंय. ही दुसरी गोष्ट फार धोक्याची आहे. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही, शिवाय इंजिन तेच ऑइल ओढून जाळायला लागलं तर आवरता येत नाही. कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. ऑइल चांगलं दिसलं तरी ते आणि फिल्टर बदलाच.

रेडिएटरमध्ये पाणी, फॅनबेल्ट, एअर क्लीनर हे बघून घ्या. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतच्या पाइपात हात घालून घरटं नाही ना, याची खात्री करा.

५. डिझेलचा रस्ता साफ करा

टाकीतलं जुनं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. खाली पाण्याचा थर बसेल. काळा, बुळबुळीत गाळ दिसला तर ती डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर वाढलेली बुरशी असते. अशी टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. ती उतरवून धुवा, आतली जाळीही साफ करा. त्यात नवं डिझेल टाकून "होईल सरळ" म्हणाल तर नवा फिल्टर थोड्याच वेळात तुंबेल.

टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तपासा. कुंभारीण माशी अशा बारीक भोकांत माती भरून ठेवते. भोक बंद असेल तर इंजिन चालू होतं, काही मिनिटं छान चालतं आणि मग गुदमरून बंद पडतं. झाकण उघडलं की पुन्हा चालू होतं. हे लक्षण ओळखीचं नसेल तर माणूस विनाकारण पंप खोलतो.

रबरी नळ्या सरसकट बदला. टाकीपासून फीड पंपापर्यंत ओढ असते, त्यामुळे तिथे बारीक भेग पडली तर बाहेर डिझेल टपकत नाही, आत हवा शिरते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि इंजिन मात्र सारखं एअर घेतं.

फिल्टर बदलून झाले की एअर काढा. क्रम टाकीकडून इंजिनाकडे: आधी पहिल्या फिल्टरचा एअर स्क्रू, मग दुसऱ्याचा, मग डिझेल पंपावरचा. फीड पंपाचा हातलिव्हर मारत राहा, बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की स्क्रू घट्ट करा. हातलिव्हर ढिला लागतोय, पंपिंग होत नाही असं वाटलं तर फीड पंप खराब ठरवण्याआधी इंजिन हाताने एक फेरा फिरवा. आतला कॅम नेमका वर येऊन थांबला असेल तर लिव्हरला स्ट्रोकच मिळत नाही.

रोटरी पंप असेल तर एअर काढण्यात अजिबात हयगय नको. त्याच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच असतं. कोरडा फिरवला तर तो झिजतो, आणि त्याची दुरुस्ती स्वस्त नाही.

६. जाड केबल आणि अर्थिंग

इथे थोडं थांबून बघा, कारण "सेल्फ गेला" म्हणून दुकानात नेलेले बरेच सेल्फ चांगले असतात.

सेल्फला काही शे अँपिअर करंट लागतो. एवढा करंट जाड केबलने जातो आणि बॉडीतून परत येतो. या रस्त्यात कुठेही गंज, सैल नट किंवा रंगाचा थर असेल तर हेडलाइट झकास लागतो, हॉर्न वाजतो, पण सेल्फ फिरत नाही. हेडलाइटला लागणारा करंट थोडा असतो, तो कसाबसा पोचतो. "लाइट लागतो म्हणजे बॅटरी ठीक आहे" हा निष्कर्ष म्हणून चुकतो.

सेकंडहँड मशीनमध्ये एक खास गोष्ट असते. विकण्याआधी त्याला पिवळा रंग मारलेला असतो आणि तो रंग अर्थच्या पट्टीखाली, बोल्टखाली गेलेला असतो. आमच्या मशीनची सगळी रडकथा अशाच एका बोल्टखाली निघाली. बॅटरी ते चेसिस आणि चेसिस ते इंजिन, दोन्ही पट्ट्या काढा, खालची जागा धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलिन लावा. बॅटरीच्या लगांवरचा हिरवा-पांढरा थर कोमट पाण्यात सोडा कालवून धुवा. बॅटरीचा मेन स्विच असेल तर त्याचेही दोन्ही नट.

आता चार्ज झालेली बॅटरी बसवा.

तपासणी मीटरने करा. इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपर (इंजिन बंद करायची केबिनमधली मूठ) ओढून ठेवा किंवा स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर (लगावर नव्हे, खांबावरच), लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याने सेल्फ मारायचा. मीटर ०.३ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टीत दोष आहे. तसंच प्लसच्या खांबावर एक पिन आणि सेल्फच्या जाड बोल्टवर दुसरी, तिथेही अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. मीटर नसेल तर जंपर केबल बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाला लावून बघा. सेल्फ एकदम जोमात आला तर दोष अर्थिंगचा.

७. चावी फिरवा आणि कान द्या

पहिले काही सेल्फ स्टॉपर ओढूनच मारा, ऑइल वर चढू द्या, ऑइल प्रेशरचा दिवा विझू द्या. एका वेळी १०-१५ सेकंद, मग दोन मिनिटं विश्रांती. सलग मारत राहिलात तर सेल्फचं आर्मेचर जळतं.

काय ऐकू येतं त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

*काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत.* बॅटरीचा मेन स्विच, मेन फ्यूज, लग. यापलीकडे जाण्याची गरज बहुधा पडत नाही.

*दिवे लागतात, पण सेल्फकडून टिकसुद्धा नाही.* सेल्फला हुकूम पोचत नाही. सेल्फच्या सोलेनॉइडवर एक बारीक वायर येते. बऱ्याच मशीनवर तिथे ५० हा आकडा कोरलेला असतो, आणि बॅटरीच्या जाड बोल्टवर ३०. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला, टोक त्या बारीक वायरीला, आणि दुसऱ्याने चावी स्टार्टवर धरायची. दिवा लागला तर दोष सोलेनॉइड किंवा सेल्फमध्ये. नाही लागला तर उलटं मागे जा: रिले, न्यूट्रल स्विच, चावीचा स्विच, फ्यूज. प्रत्येक ठिकाणी आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर तपासा. जिथे आत दिवा लागतो आणि बाहेर लागत नाही, तिथे दोष. उंदरांच्या यादीतल्या जागा इथे आठवा.

न्यूट्रल स्विचबद्दल कळकळीने सांगतो. लिव्हर गिअरमध्ये असताना मशीन चालू होऊ नये म्हणून तो दिलेला असतो. गंजून तो काम करेनासा होतो आणि बरेच वायरमन त्याच्या दोन वायरी जोडून मोकळे होतात. तात्पुरतं तपासायला जोडणं वेगळं, तसंच सोडून देणं वेगळं. नवा स्विच बसवा.

*दिवा लागतो, पण मंद.* टेस्ट लॅम्पऐवजी मीटर लावा. चावी स्टार्टवर असताना बॅटरीच्या खांबांवर जितके व्होल्ट दिसतात त्यापेक्षा त्या बारीक वायरीवर दीड-दोन व्होल्ट कमी मिळत असतील तर जुनाट चावीच्या स्विचचे पॉइंट किंवा मधला एखादा सॉकेट व्होल्टेज खातोय. स्विच नवा टाकल्यावर हा त्रास बहुधा जातो.

*खटखटखटखट.* सोलेनॉइड ओढतं आणि लगेच सोडतं. लोड येताच व्होल्टेज कोसळतंय. बॅटरी किंवा पायरी ६.

*एकच जोरदार खट, मग शांत.* सोलेनॉइडने काम केलं, पण मोटर फिरली नाही. इंजिन हाताने मोकळं फिरतं हे तुम्ही आधीच पाहिलंय, म्हणून आता खात्रीने म्हणता येतं की सोलेनॉइडचे आतले तांब्याचे पॉइंट जळलेत, किंवा मोटरला करंट पोचवणारे कार्बन झिजून अडकलेत, किंवा तिचा शाफ्ट पेलणारे बुश गेलेत. आता सेल्फ उतरवा आणि भरायला द्या.

*घर्र करून सेल्फ मोकळा फिरतो, इंजिन नाही.* बेंडिक्स, म्हणजे फ्लायव्हीलच्या दातांत अडकणारं सेल्फचं छोटं चाक, घसरतंय. कधी नुसत्या वाळलेल्या ग्रीसमुळे ते पुढे येत नाही. उतरवून साफ करून बघा, फ्लायव्हीलच्या रिंगचे दात त्याच वेळी टॉर्चने बघून घ्या.

आणि स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करणं. जमिनीवर, चाकाजवळ उभं राहून असं केलं की न्यूट्रल स्विच बाजूला पडतो. मशीन गिअरमध्ये असेल तर ते चालू होऊन थेट त्या माणसाच्या अंगावर येतं. ट्रॅक्टरवर यात माणसं दगावली आहेत. तुमच्या मशीनवर कुणालाही हे करू देऊ नका, तो कितीही अनुभवी असो.

८. इंजिन फिरतं, पण पेटत नाही

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा.

धूर अजिबात नाही म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पोचत नाही. आधी स्टॉपर. केबल असेल तर ती गंजून ओढलेल्या अवस्थेतच राहिलेली असते. केबिनमधली मूठ आत जाते, पण पंपावरचा लिव्हर हलत नाही. तो हाताने चालू बाजूला जातो का बघा. चावीने बंद होणारं मशीन असेल तर चावी ऑन करताच पंपाच्या सोलेनॉइडचा बारीक "टक" आवाज आला पाहिजे. नाही आला तर तिथे १२ व्होल्ट येतात का तपासा. येत असतील तर सोलेनॉइड अडकलंय, नसतील तर वायर. काही जण सोलेनॉइडमधली पिन काढून टाकतात आणि इंजिन चालू होतं. पण मग चावी बंद केली तरी ते थांबत नाही, म्हणून हा मार्ग नको.

स्टॉपर ठीक असेल तर नोझलवरचे पाइपांचे नट अर्धा-एक फेरा सैल करा, सेल्फ मारा. आधी फेस येईल, मग डिझेल. आलं की घट्ट करा. इथे हात लांब ठेवा. नोझलमधून दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण आतलं मांस सडू लागतं. असं झालं तर दुखो वा न दुखो, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

सगळं करूनही नटाशी डिझेल येत नसेल तर पंपाच्या आत डिझेलचं प्रमाण ठरवणारा रॅक किंवा मीटरिंग व्हॉल्व्ह जुन्या डिझेलच्या चिकट थराने अडकलाय. पंप उतरवा, टायमिंगची खूण करा, पंपवाल्याकडे द्या. घरी खोलू नका.

पांढरट धूर येतो पण इंजिन पेट घेत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय, उष्णता कमी पडतेय. बहुतेक वेळा सेल्फचा वेगच कमी असतो. संथ फिरणाऱ्या इंजिनात दाब रिंगांवाटे निसटतो आणि हवा तापत नाही. बॅटरी पुन्हा पूर्ण चार्ज करा, सुरू करताना हवा तापवणारा हीटर असेल तर तो तपासा. त्यानंतरही तसंच असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या.

हवेच्या पाइपाशी पेटता बोळा धरणं, पेट्रोल ओतणं, स्टार्टिंग स्प्रे मारत सुटणं यातलं काहीही नको. हीटर असलेल्या इंजिनात स्प्रे भडकतो, आणि कमजोर रिंगा त्या धक्क्याने तुटतात.

९. पहिल्यांदा पेट घेताना

आता तो प्लायवूडचा तुकडा. उभ्या मशीनच्या पंपाचा रॅक पूर्ण डिझेलच्या बाजूला अडकलेला असू शकतो. असं इंजिन पेट घेताच रेस वाढवत जातं आणि स्टॉपरला दाद देत नाही. त्याला थांबवायचा खात्रीचा उपाय म्हणजे हवा बंद करणं. म्हणून पहिल्या स्टार्टला इनटेकचा पाइप सुटा ठेवा आणि एका माणसाला प्लाय घेऊन तिथेच, पण पंख्यापासून बाजूला, उभं करा. रेस आपोआप चढायला लागली की त्याने तोंड झाकायचं. हाताने नाही, चिंधीने नाही, दोन्ही आत ओढले जातात. हे काम कुणाचं, खूण काय, आधी ठरवा, कारण त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही.

ॲक्सिलरेटर थोडासाच दाबा. पेट घेतल्यावर काही वेळ एखादा सिलिंडर मिस मारेल, उरलेली एअर निघून जाईल. ऑइल प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. टर्बो असेल तर पहिली काही मिनिटं रेस नको.

१०. चालू झाल्यावर लगेच

बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट म्हणजे चार्जिंग चालू आहे. बारा-साडेबारावरच अडकला असेल तर अल्टरनेटर खोलण्याआधी डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा बल्ब बघा. जुन्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडाला की चार्जिंग नाही. इंजिन चालू असताना बॅटरीचा लग काढून अल्टरनेटर तपासायची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. त्याने डायोड आणि रेग्युलेटर जातात.

अर्धा तास जागेवर चालवा आणि त्या वेळात फिरून गळती बघा: डिझेलचे जोड, वॉटर पंप, हायड्रॉलिक होस. मग बंद करून पुन्हा चालू करा. गरम इंजिनावर सेल्फ अडला तर बुश घासतायत असं समजा. थंड असताना हा दोष लपून राहतो.

ब्रेक तपासल्याशिवाय मशीन उतारावर नेऊ नका. रस्त्यावर काढण्याआधी आरसी, विमा, पीयूसी आणि लागू असेल तिथे फिटनेस यांच्या तारखा बघा. सेकंडहँड घेतलं असेल तर आरसीवरच्या चेसिस आणि इंजिन नंबरांशी मशीनवर कोरलेले नंबर पडताळा, आणि जुन्या मालकाच्या कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलाय का तेही त्याच वेळी पाहा. डिझेलचा पहिला फिल्टर काही दिवसांच्या कामानंतर पुन्हा बदला. टाकी कितीही धुतली तरी उरलेला गाळ पहिल्या खडबडीत रस्त्यावर सुटतो, त्यामुळे एक जादा फिल्टर आणि त्याचा पाना केबिनमध्येच राहू द्या.